पिशवी काढण्याआधी

वार पडली की गर्भपिशवीच्या आत ताटलीएवढी उघडी जागा राहते. बाळाला नऊ महिने पोसणाऱ्या रक्तवाहिन्यांची तोंडं तिथे मोकळी असतात, आणि दिवस भरलेल्या बाईच्या पिशवीकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असतं. तरी बहुतेक बाळंतिणी सुखरूप राहतात. पिशवीच्या स्नायूंचे धागे आडवेतिडवे विणलेले असतात. पिशवी आवळली की ते प्रत्येक वाहिनीला जणू गाठ मारतात. ती सैल पडली तर गाठच बसत नाही. बाळंतपणानंतर धो धो अंगावर जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. रक्त थांबलंच नाही तर जीव वाचवायला शेवटी पिशवी काढावी लागते; पण त्याआधी करण्यासारखं बरंच असतं.

पिशवी चोळणं, ती आवळायला लावणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन हे तर लगेच होतंच. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड झालेली रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. मात्र ते बाळंतपणापासून तीन तासांच्या आत द्यायला हवं. हे औषध शोधणाऱ्या जपानच्या उताको ओकामोतो २०१६ मध्ये गेल्या. बाळंतिणींचा जीव त्याने वाचतो हे वीस हजार बायकांवरच्या चाचणीतून २०१७ मध्ये सिद्ध झालं. ते त्यांना पाहता आलं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

तरीही थांबलं नाही तर आत फुगा घालून तो सलाइनने फुगवतात. तो आतून वाहिन्यांवर दाब देतो. बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी हे काम साध्या कंडोम आणि रबरी नळीवर करून दाखवलं.

त्यापुढचा उपाय मला विलक्षण वाटतो. पोट न उघडता, जांघेची जागा बधिर करून धमनीत बारीक नळी सरकवतात. पडद्यावर एक्स-रेत बघत ती आधी एका, मग दुसऱ्या बाजूच्या गर्भाशय-धमनीपर्यंत नेतात आणि जिलेटिनच्या स्पंजचे कण सोडतात. प्रवाह तुंबतो, रक्त थांबतं. आजूबाजूच्या लहान वाहिन्या पिशवीला जगवतात. काही आठवड्यांत स्पंज विरघळतो, पाळी परत येते, पुढे मूलही होऊ शकतं.

पण त्यासाठी यंत्र हवं, रात्री-बेरात्री येणारा तज्ज्ञ हवा, आणि बाई तिथवर पोहोचण्याइतकी स्थिर हवी. मुंबईत मानखुर्दच्या प्रसूतिगृहातून परळच्या मोठ्या रुग्णालयात जायला संध्याकाळी तासभर लागू शकतो. फुगा आत असेल, सोबत नर्स असेल, तर तो तास निभावू शकतो. म्हणून सातव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा: इथे फुगा आहे का, रक्त कुठून आणाल, रात्री कुठे पाठवाल?