खरचटलेलं फ्रॅक्चर आणि उघडं फ्रॅक्चर

नडगी मोडली आणि वरून रक्तही आलं, की नातेवाईक आधी विचारतात, "हाड बाहेर आलंय का?" नाही म्हटलं की सगळे निर्धास्त. पण उघड्या फ्रॅक्चरमध्ये, म्हणजे जखम मोडलेल्या हाडापर्यंत पोचलेली असते तेव्हा, हाड दिसायलाच हवं असं नाही. मोडलेलं टोक आतून कातडी फाडून परत आत जातं आणि वर राहतं ज्वारीच्या दाण्याएवढं भोक.

बंद फ्रॅक्चरवर नुसतं खरचटलं असेल तर रक्त लवकर थांबतं. उघड्यात ते झिरपतच राहतं, कधी त्यावर चरबीचे थेंब चमकतात. ती हाडातल्या मज्जेची चरबी. जखम मोडीपासून चार बोटं दूर असली तरी संशय धरावा. बोट घालून खात्री मात्र करू नये.

गस्टिलो आणि अँडरसन या हाडांच्या डॉक्टरांनी 1976 मध्ये केलेली उघड्या फ्रॅक्चरची वर्गवारी आजही चालते: 1 सेंटिमीटरपेक्षा लहान, स्वच्छ जखम पहिल्या प्रकारात, मांस चिरडलेली तिसऱ्या, सगळ्यात गंभीर प्रकारात. पण शेतातल्या मातीने बरबटलेली जखम लहान असली तरी तिसऱ्यातच धरतात. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत ट्रॅक्टरखाली पाय आला, तर ही गोष्ट लक्षात ठेवा. शेणखताच्या मातीत धनुर्वाताचे आणि गॅस गँगरीनचे (मांस झपाट्याने सडवणाऱ्या रोगाचे) जंतू असतात.

बंद फ्रॅक्चरला कच्चं प्लास्टर घालून सूज उतरेपर्यंत थांबता येतं. उघड्याला ती सवलत नाही. शिरेतून अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासात, सोबत धनुर्वाताचं इंजेक्शन. मग थिएटरमध्ये भरपूर सलाईनने धुऊन मेलेलं मांस काढायचं, साधारण 24 तासांच्या आत. माती भरली असेल तर लगेच. जवळच्या दवाखान्यात घाईने टाके घालून घाण आत कोंडणं हा माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा उपाय. हळदही भरू नका, हाड आत ढकलू नका. स्वच्छ कापड, दोन बाजूंना फळ्या आणि 108. धडगावहून नंदुरबारला घाटातून यायचं असेल, तर पहिला डोस तिथल्या सरकारी दवाखान्यातच घेऊन निघावं.

बंद म्हणून घरी झोपून राहणंही बरं नव्हे. पोटरी दगडासारखी कडक झाली, पायाची बोटं हलवताना जीव जाईल असा ठणका लागला किंवा बधिरपणा आला, तर आत दाब वाढतोय. प्लास्टर असो वा नसो, रात्रीच निघा.