वार्धक्यातील मार्गशोधन

उतारवयात अपरिचित ठिकाणी वाट शोधण्याची क्रिया. गावची पेठ किंवा रोजचे देऊळ सत्तरीनंतरही सहसा चुकत नाही. अडखळायला होते ते नव्या रुग्णालयात किंवा मुलाने घर घेतलेल्या, एकसारख्या इमारतींच्या संकुलात. जुनी वाट विसरत नाही, नव्या जागेचा नकाशा मात्र मनात लवकर बसत नाही.

हा नकाशा हिप्पोकॅम्पस आणि त्यालगतच्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स या मेंदूच्या भागांत घडतो. जॉन ओ'कीफ यांनी १९७१ मध्ये ठराविक जागी आल्यावरच सक्रिय होणाऱ्या पेशी दाखवल्या, तर माय-ब्रिट व एडवर्ड मोसर यांनी २००५ मध्ये अंतर-दिशेचे जाळे आखणाऱ्या ग्रिड पेशी. तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वयोमानानुसार हे भाग मंदावतात, म्हणून ज्येष्ठ माणसे बहुधा वळणांच्या क्रमावर भिस्त ठेवतात : जिना उतरून डावीकडे, औषधांच्या दुकानापासून उजवीकडे. जाताना हा क्रम उपयोगी पडतो. परतताना तो उलटा करावा लागतो, आणि मधली वाट बंद असली तर सगळाच निरुपयोगी ठरतो. त्यात मोतीबिंदू, चकाकणारी फरशी आणि गर्दीत तोल सांभाळण्यात गुंतलेले लक्ष यांची भर पडते. अशा वेळी चुकलेल्या माणसापेक्षा अपुऱ्या, बारीक अक्षरांतल्या पाट्यांना दोष देणे अधिक न्याय्य आहे.

पंढरीच्या वारीत याचे फार जुने, शहाणे उत्तर सापडते. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबतच्या दिंड्यांना 'रथापुढे' व 'रथामागे' असे क्रमांक असतात. मुक्कामाचे गाव बदलत जाते, दिंडीचा क्रमांक बदलत नाही. मागे राहिलेल्या आजींना गावाचा नकाशा ठाऊक असण्याची गरज नसते. 'माउली, रथामागची अमकी दिंडी कुठं उतरली?' एवढे विचारले की पुरते, आणि विचारण्यात संकोचही नसतो.

पाठ झालेला क्रमांक बदलला की काय होते, ते मुंबईच्या दादर स्थानकात दिसते. तिथे पश्चिम व मध्य रेल्वेचे फलाट पूर्वी स्वतंत्रपणे १ पासून मोजले जात. डिसेंबर २०२३ पासून ते सलग १ ते १४ झाले. नवख्यांचा गोंधळ त्याने कमी झाला, पण अनेक वर्षांच्या प्रवाशांना पाठ झालेले आकडे सोडावे लागले.

ओळखीच्याच वाटेवर वारंवार चुकणे ही मात्र निराळी बाब आहे. अल्झायमरमध्ये एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्सला फार लवकर इजा पोहोचते, त्यामुळे असे घडू लागल्यास वयाकडे बोट न दाखवता डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते.