ग्रामशाळांचे अर्थसाहाय्य, ओसरत्या गावांतील

लोकसंख्या, रोजगार आणि करपात्र मालमत्ता सतत घटत असलेल्या ग्रामीण भागात शाळेसाठी पैसा कोठून व कोणत्या सूत्राने उभा राहतो, आणि त्या खर्चाचा गावाच्या आर्थिक उभारीशी काय संबंध असतो, याचा विचार या नोंदीत केला आहे. विषय शिक्षणाचे अर्थशास्त्र, स्थानिक वित्तव्यवस्था आणि ग्रामीण समाजशास्त्र यांच्या शिवेवरचा आहे. त्याला एकच सर्वमान्य नाव नाही.

अडचणीचे मूळ साध्या हिशेबात आहे. पट उतरला म्हणून शाळेचा खर्च त्या प्रमाणात उतरत नाही. साठ मुलांच्या दोनशिक्षकी शाळेचा पट अठरावर आला, तरी शिक्षक दोनच लागतात आणि छप्परही तेवढेच गळते. दर विद्यार्थ्यामागचा खर्च मात्र तिपटीहून अधिक होतो. अनुदान पटावर ठरत असेल, तर ते याच काळात तीन-दशांशावर येते. शाळा स्थानिक करावर चालत असेल, तर घरांना कुलपे लागून आणि जमिनीचे मोल उतरून कराचा पायाच खचतो. दर वाढवावा, तर उरलेल्यांवर बोजा वाढतो आणि त्यांनाही गाव सोडण्यास आणखी एक कारण मिळते.

शाळेचा खर्च गावाच्या जमिनीवर बसविण्याची प्रथा कोठे सुरू झाली, याबद्दल मतभेद आहेत. अमेरिकी लेखक सामान्यतः मॅसॅच्युसेट्सच्या १६४७ च्या कायद्याकडे बोट दाखवितात. पन्नास कुटुंबांच्या वसाहतीने लिहिणे-वाचणे शिकविणारा शिक्षक नेमावा आणि शंभर कुटुंबांच्या वसाहतीने लॅटिन व्याकरणशाळा काढावी, असे त्याने ठरविले. पण शिक्षकाचे वेतन पालकांनी द्यावे की सर्व रहिवाशांनी, हे त्या कायद्याने वसाहतीवरच सोपविले होते. त्यामुळे त्याला सक्तीच्या शाळाकराचा आरंभ म्हणणे ताणून आणल्यासारखे होते. मॅसॅच्युसेट्समधीलच डॉर्चेस्टर येथे १६३९ मध्ये एका बेटाच्या खंडातून (भाड्यातून) शाळेची तरतूद झाली होती, तर डेडम येथे १६४४ च्या सुमारास करातून शाळा चालविण्याचा ठराव झाला. डेडमच्या तारखेत एका वर्षाचा फरक आढळतो, तो तेव्हाच्या इंग्रजी कालगणनेत वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्यामुळे असावा.

स्कॉटलंडचा दावा अधिक भक्कम दिसतो. तेथे १६१६ मध्ये प्रत्येक पॅरिशात (चर्चच्या स्थानिक विभागात) शाळा असावी असा आदेश निघाला आणि १६३३ मध्ये त्यासाठी जमिनीवर आकारणी करण्यास संसदेची संमती मिळाली. १६९६ च्या कायद्याने शाळागृह आणि शिक्षकाचे १०० ते २०० मर्क (जुने स्कॉटिश चलन) वार्षिक वेतन ही भूधारकांची जबाबदारी ठरविली. निम्मा भार कुळांकडून वसूल करण्याची मुभा त्यांना होती. देणारा कोण, पैसा कशासाठी आणि रकमेची मर्यादा किती, हे तिन्ही मुद्दे एका जागी सांगणारा हा कायदा असल्याने आधुनिक स्थानिक शाळाकराचा पूर्वज त्यालाच मानणे सयुक्तिक ठरते. करापेक्षा वेगळी वाट अमेरिकेच्या १७८५ च्या भूमी अध्यादेशाने काढली. मोजणी केलेल्या प्रत्येक टाउनशिपच्या ३६ भागांपैकी सोळावा, म्हणजे ६४० एकरांचा, भाग शाळेसाठी राखून ठेवण्यात आला.

भारतात वायव्य प्रांतातील (आजच्या उत्तर प्रदेशातील) हलकाबंदी शाळांसाठी, म्हणजे गावांच्या एका गटामागे असलेल्या शाळांसाठी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जमीनदारांकडून महसुलाच्या एक टक्का रक्कम घेतली जाई. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसला. १८६९ च्या कायद्याने त्याला वैधानिक रूप आले आणि त्याचा एकतृतीयांश हिस्सा शिक्षणाकडे वळविण्यात आला. म्हणजे शिक्षणाच्या वाट्याला महसुलाचे जेमतेम दोन टक्के येत. हा पैसा शेतकऱ्याकडून गोळा होतो आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, ही तक्रार जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात सरकारी महसूल रयतेच्या श्रमातून येत असताना तिच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होते, हे ठामपणे मांडले. पुढील काळातील वादांत हाच मुद्दा वेगळ्या शब्दांत येत राहिला.

विसाव्या शतकात कल राज्याच्या किंवा केंद्राच्या अनुदानाकडे वळला. अमेरिकेत मालमत्ताकरावर आधारलेली विषमता कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये (सेरानो खटला) अमान्य केली. परंतु संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रॉड्रिगेझ खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ती संविधानभंग ठरत नाही असे म्हटले. लढाई त्यामुळे राज्यांच्या न्यायालयांत गेली. ग्रामीण भागाच्या दृष्टीने केंटकीचा १९८९ चा रोझ खटला महत्त्वाचा आहे. ६६ गरीब, बहुतांशी ग्रामीण शालेय जिल्ह्यांनी (शाळा चालविणाऱ्या स्थानिक घटकांनी) दाद मागितली आणि न्यायालयाने राज्याची संपूर्ण शालेय व्यवस्थाच संविधानाशी विसंगत ठरविली.

एकाच नैसर्गिक साधनावर विसंबलेल्या निधीची गत याहून नाजूक असते. अमेरिकेत १९०८ पासून राष्ट्रीय वनांच्या उत्पन्नाचा २५ टक्के वाटा तेथील परगण्यांच्या शाळा व रस्ते यांसाठी दिला जाई. १९९० च्या दशकात वायव्येकडील वनांतील लाकूडविक्री कोसळली, तेव्हा गिरण्यांतील रोजगार आणि शाळांचा निधी दोन्ही एकदमच आटले. २००० मध्ये भरपाईचा कायदा झाला; तो ठरावीक मुदतीचा असल्याने वेळोवेळी वाढवून घ्यावा लागतो.

खर्च आवरण्याचा सर्वत्र वापरला गेलेला उपाय म्हणजे शाळांचे एकत्रीकरण. अमेरिकेत १९४० च्या सुमारास सुमारे १,१७,००० शालेय जिल्हे होते. शतकाअखेर ते १५,००० च्या आत आले. आर्कान्सास राज्याने २००४ मध्ये ३५० हून कमी विद्यार्थी असलेल्या जिल्ह्यांना विलीनीकरण बंधनकारक केले. चीनने २००१ पासून ग्रामीण शाळा मोठ्या प्रमाणावर बंद केल्या आणि २०१२ मध्ये सरसकट बंदीला स्वतःच आवर घातला. अगदी लहान घटक एकत्र आले, तर प्रशासकीय खर्चात खरोखर बचत होते. तिचा काही भाग नव्या इमारती आणि मुलांची ने-आण खाऊन टाकतात. मुलांचा प्रवासात जाणारा वेळ सहसा कोणत्याच जमाखर्चात धरला जात नाही.

शाळा गेली की गाव ओसरते, की गाव ओसरले म्हणून शाळा जाते? कॉर्नेल विद्यापीठातील टॉमस लायसन यांनी २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ग्रामीण वस्त्यांची तुलना केली. पाचशे किंवा त्याहून कमी वस्तीच्या गावांपैकी शाळा असलेल्या ६० टक्के, तर शाळा नसलेल्या ४६ टक्के गावांची लोकसंख्या १९९० ते २००० या दशकात वाढली होती. शाळा असलेल्या गावांत घरांचे मोलही अधिक होते. हे आकडे शाळाबंदीविरोधी चळवळींत वारंवार दिले जातात. पण ते सहसंबंध दाखवितात. शाळा टिकलेली गावे मुळातच सुस्थितीत असण्याची शक्यता या आकड्यांनी निकालात निघत नाही. स्वीडनमधील अमकॉफ यांच्या २०१२ च्या अभ्यासात शाळा बंद झाल्याने स्थलांतरावर ठळक परिणाम आढळला नाही. तूर्त हा दुसरा निष्कर्ष अधिक सावध आणि म्हणून अधिक ग्राह्य वाटतो. अर्थात स्वीडनमध्ये रस्ते व वाहने सर्वत्र आहेत. पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या डोंगरवस्तीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

शाळेला थेट पुनरुज्जीवनाचे साधन बनविल्याचे बहुचर्चित उदाहरण जपानच्या शिमाने प्रांतातील आमा या सुमारे २,३०० वस्तीच्या बेटाचे आहे. शेजारच्या बेटांसह तिघांत मिळून उरलेली उच्च माध्यमिक शाळा २००८ च्या सुमारास बंद पडण्याच्या बेतात होती. स्थानिक प्रशासनाने बाहेरगावच्या मुलांना वसतिगृहासह प्रवेश खुला केला आणि बेटाचे प्रश्न हाच अभ्यासविषय केला. पुढे पट वाढून इयत्तेत पुन्हा दोन तुकड्या झाल्या. त्याआधीची तयारी मात्र वर्णनांत मागे पडते. कर्जात बुडालेल्या या नगराच्या प्रमुखाने आणि कर्मचाऱ्यांनी स्वतःचे पगार कापून घेतले होते. कालवे (शिंपल्यांतील जीव) व माखल्या ताज्या राखणारे शीतकरण यंत्र बसवून तो माल दूरच्या बाजारात जाऊ लागला होता. म्हणजे रोजगार आधी हलला, शाळा नंतर.

महाराष्ट्रात जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांचे वेतन शासन देते. त्यामुळे गावाची घरपट्टी घटली तरी पगार थांबत नाही. प्रश्न पटापाशी येतो. संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकपदे मंजूर करताना, पट घटला की पद जाते आणि शिक्षकाचे अन्यत्र समायोजन होते. पद गेल्यावर उरलेले पालकही मुलांना बाजारगावच्या शाळेत घालू लागतात. शालेय शिक्षण विभागाने २०२३ मध्ये वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्यासाठी प्रस्ताव मागविले. तोरणमाळ व पानशेत ही त्यासाठी दिलेली उदाहरणे होती. हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील परिसरशाळेच्या (घराजवळच्या शाळेच्या) तत्त्वाशी जुळत नाही, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. रंगरंगोटी, संगणक आदी वेतनेतर खर्चाला लोकवर्गणीचा हातभार लागतो. पण ज्या गावातून तरुण बाहेर गेले, तेथे वर्गणी देणारेही बाहेरच असतात. साखर कारखान्यांनी उसाच्या दरातून टनामागे कपात करून शाळा-महाविद्यालये काढली, हा स्वतंत्र प्रकार असून तो वाढत्या अर्थव्यवस्थेचा आहे. केन्यातील हरांबी शाळा, म्हणजे लोकांनी एकत्र येऊन उभारलेल्या शाळा, हे स्वयंसाहाय्याचे समांतर उदाहरण होय.

बंद शाळेच्या जागेचे काय होते, हेही देशागणिक बदलते. इंग्लंडमध्ये १८४१ च्या कायद्याखाली शाळेसाठी दान केलेली जमीन, शाळा बंद होताच दात्याच्या वारसांकडे परत जाई. पिढ्यांनंतर वारस शोधणे अवघड झाल्याने १९८७ मध्ये नवा कायदा करून अशी मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात ठेवण्याची तरतूद करण्यात आली.