एके-१०१ आणि एके-१०३: फरक पिढीचा नव्हे, काडतुसाचा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्रांत सामान्यज्ञानाची जी झेरॉक्स टिपणे हातोहात फिरतात, त्यांत एक वाक्य वर्षानुवर्षे तसेच उतरवले जात आहे: ‘एके-१०१ ही जुनी रायफल असून एके-१०३ ही तिची सुधारित आवृत्ती आहे.’ हे साफ चूक आहे. ज्या मुलुखात अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ कायमचे जोडले गेले आणि जिथे १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली, तिथल्या मुलांनी रायफलीबद्दल चुकीचे पाठ करावे, हे मला मनापासून खटकते.

भारतीय लष्कराच्या एके-२०३ रायफलीबद्दल इथे फार लिहीत नाही. डिसेंबर २०२१ मधला ६,०१,४२७ रायफलींचा करार आणि अमेठीजवळच्या कोरवा येथील कारखाना ही माहिती भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. ही रायफल एके-१०३ वरूनच विकसित झाली आहे, एवढे ध्यानात असले की पुढचे समजायला पुरेसे आहे.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाल्यावर एके रायफली बनवणाऱ्या रशियातल्या इझेव्हस्कच्या कारखान्याला परदेशी गिऱ्हाईक शोधणे भाग पडले. रशियन सैन्याच्या एके-७४एम या रायफलीचा सांगाडा कायम ठेवून तिथे ‘शंभर’ मालिका तयार झाली आणि तिचा मुख्य रोख निर्यातीवर होता. एके-१०१ आणि एके-१०३ या दोन्ही त्याच मालिकेतल्या, एकाच काळातल्या. दोन्हींची नळी ४१५ मिमी लांब, दोन्हींचा काळा प्लास्टिकचा बट, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, डाव्या बाजूला दुमडणारा, दोन्हींच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या. बाकीचे किरकोळ फरक सोडून द्यावेत.

खरा फरक आहे तो काडतुसाचा. एके-१०१ मध्ये ५.५६×४५ हे नाटो देशांचे काडतूस चालते, तर एके-१०३ मध्ये ७.६२×३९, म्हणजे एके-४७ चेच. पहिला आकडा नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये दाखवतो आणि दुसरा पुंगळीची, म्हणजे गोळी आणि दारू धरून ठेवणाऱ्या धातूच्या नळकांड्याची, लांबी. ५.५६ ची गोळी जेमतेम ४ ग्रॅम वजनाची असून ती नळीतून सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते, ७.६२×३९ ची गोळी जवळपास ८ ग्रॅमची, पण तिचा वेग सेकंदाला ७१५ मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे तीनशे मीटरवरच्या लक्ष्यापर्यंत जाताना एके-१०१ ची गोळी कमी खाली येते आणि खांद्याला धक्काही कमी बसतो, तर एके-१०३ ची जड गोळी झाडोऱ्यातून किंवा पातळ आडोशातून अधिक जोराने पार होते. भरलेल्या एका मॅगझिनमागे गोळ्यांच्याच वजनात सुमारे सव्वाशे ग्रॅमचा फरक पडतो, आणि सात-आठ मॅगझिन अंगावर घेऊन चढ चढणाऱ्या जवानाला तो चांगलाच जाणवतो. ‘५.५६ शत्रूला जखमी करण्यासाठी आणि ७.६२ ठार करण्यासाठी’ हे वाक्य मात्र टिपणांतून कायमचे काढून टाकावे. लहान काडतुसाकडे सैन्ये वळली ती कमी वजन, सपाट मार्ग आणि स्वयंचलित माऱ्यावरचा ताबा यांसाठी.

मग एकाच कारखान्याने दोन काडतुसांसाठी दोन रायफली का बनवल्या? कारण गिऱ्हाईक देशाच्या दारूगोळा भांडारात आधीपासून काय पडून आहे, यावर त्याची निवड ठरते. नाटोचे काडतूस वापरणाऱ्या देशांना एके-१०१ दाखवायची आणि सोव्हिएत काडतूस वापरणाऱ्यांना एके-१०३. व्हेनेझुएलाने २००५ मध्ये एक लाख एके-१०३ घेण्याचा करार केला. भारताने एके-२०३ साठी ७.६२×३९ निवडले तेही मला योग्यच वाटते, कारण दहशतवादविरोधी मोहिमांत एके-४७ अनेक वर्षे वापरात असल्याने हे काडतूस आपल्या पुरवठ्यात होतेच.

छायाचित्रात दोन्ही रायफली ओळखायच्या असतील तर मॅगझिन पाहावे. ७.६२×३९ ची पुंगळी तोंडाकडे चांगलीच निमुळती असते, त्यामुळे एकावर एक रचलेल्या गोळ्या कमानीसारख्या वळतात आणि एके-१०३ चे मॅगझिन ठळक बाकदार दिसते. एके-१०१ चे त्यामानाने बरेच सरळ असते. मात्र काडतूस नाटोचे असले तरी एके-१०१ चे मॅगझिन एके घराण्याचेच आहे. त्यात अमेरिकी एम-१६ चे मॅगझिन बसत नाही.

आकड्यांचा क्रमही पिढी सांगत नाही. १०२ ही १०१ ची आखूड आवृत्ती आणि १०४ ही १०३ ची. १०५ हीसुद्धा आखूडच, पण ५.४५×३९ या रशियन काडतुसाची. ‘दोनशे’ मालिकेत हीच रीत पुढे चालते: २०१ नाटोच्या ५.५६ साठी, २०३ ही ७.६२×३९ साठी.

टिपणे लिहिणाऱ्यांनी नुसते ‘७.६२’ लिहिण्याची सवयही सोडावी. लष्कराने घेतलेल्या सिग-७१६ रायफलीचे काडतूस ७.६२×५१ आहे, जुन्या एसएलआर रायफलीचेही तेच होते. त्याची पुंगळी १२ मिमी जास्त लांब असल्याने ते एके-२०३ मध्ये भरताच येणार नाही. म्हणून दोन्ही आकडे गुणिलेच्या चिन्हासह पूर्ण लिहावेत आणि विद्यार्थ्यांकडूनही तसेच लिहून घ्यावेत.