बोस्टनच्या बंदरातली ती जहाजं ब्रिटिश नव्हतीच

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री अमेरिकेतल्या बोस्टनच्या लोकांनी ब्रिटिश जहाजांवर चढून भारतातला चहा समुद्रात फेकला, असं सर्रास सांगितलं जातं. चहा फेकला हे खरं. बाकी दोन्ही गोष्टी चूक.

त्या धक्क्यावर तीन जहाजं होती: डार्टमाउथ, एलिनॉर आणि बीव्हर. तिन्ही अमेरिकेतल्या वसाहतींमधल्या लोकांच्या मालकीची. डार्टमाउथ आणि बीव्हर तर नँटकेट बेटावरच्या रॉच या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) घराण्याची, म्हणजे देवमाशाच्या तेलावर गबर झालेल्या माणसांची. त्या काळी लंडनमधले दिवे या तेलावर जळत. जहाजं तेल घेऊन लंडनला जायची आणि रिकामी परत कशाला यायचं, म्हणून मिळेल तो माल भरायची. त्या खेपेला ईस्ट इंडिया कंपनीचा चहा मिळाला. भाड्याचे चार पैसे सुटतील हा साधा हिशेब, पण तो चांगलाच अंगाशी आला! चहावरचा ब्रिटिश कर भरल्याशिवाय जहाज बाहेर सोडायला तिथला गव्हर्नर हचिन्सन तयार नव्हता आणि त्या कराच्या निषेधात चहा उतरवू द्यायला गावकरी. मधल्यामध्ये तरुण फ्रान्सिस रॉच शेवटच्या दिवशीही परवानगीसाठी गव्हर्नरकडे खेटे घालत होता.

आणि चहा? कंपनीचं नाव ऐकून आपण भारत धरून चालतो. पण फेकलेल्या ३४२ पेट्यांमधला सगळा चहा चीनमधला होता. आसामचा चहा लंडनच्या बाजारात पोहोचायला अजून साठेक वर्षं होती.

जहाजं जाळली असंही काही जण ठोकून देतात. त्यांना धक्काही लागला नाही.