काबुकीचोतील सायंकालीन पदफेरी

टोकियोच्या शिंजुकू प्रभागातील काबुकीचो या रात्रजीवनासाठी प्रसिद्ध असलेल्या वस्तीतून माहीतगार वाटाड्याबरोबर संध्याकाळी पायी हिंडण्याचा पर्यटन-प्रकार. दिवेलागणीच्या सुमारास शिंजुकू स्थानकाच्या पूर्वेस जमलेला लहानसा गट यासुकुनी रस्ता ओलांडतो आणि ‘काबुकीचो इचिबानगाई’ अशी अक्षरे असलेल्या लाल कमानीखालून आत शिरतो. अंतर फार नसते. दोन-तीन तास जातात ते थांबण्यात, ऐकण्यात आणि एखाद्या इझाकायात, म्हणजे खाण्यापिण्याच्या साध्या दुकानात, बसण्यात.

१९४५ च्या हवाई हल्ल्यांत हा भाग बेचिराख झाला. रहिवाशांचे पुढारी सुझुकी किहेई यांनी येथे काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकाराचे नाट्यगृह आणून करमणुकीचे केंद्र वसवण्याची योजना आखली, तिच्यावरून वस्तीला नाव मिळाले आणि १९४८ मध्ये ते अधिकृत झाले. पैशाची चणचण आणि बांधकामांवरील निर्बंध यांमुळे ते नाट्यगृह मात्र उभे राहिले नाही. १९५६ मध्ये सुरू झालेले कोमा नाट्यगृह २००८ अखेर बंद पडले. त्या जागी २०१५ मध्ये तोहो इमारत आली आणि तिच्या आठव्या मजल्याच्या गच्चीतून डोकावणारे गॉडझिला या चित्रपटांतील अक्राळविक्राळ प्राण्याचे मुंडके ही वस्तीची खूण ठरली. जवळच २०२३ मध्ये तोक्यू काबुकीचो टॉवर हा २२५ मीटर उंचीचा मनोरा खुला झाला. बहुतेक फेऱ्या या दोन इमारतींपाशी थांबतात, पण वस्ती कळते ती तिच्या अरुंद जिन्यांपाशी.

येथील बरेचसे धंदे एकावर एक मजल्यांत रचलेले असतात. रस्त्यावरून दिसतो तो मजल्यागणिक नावे लिहिलेला उभा फलक आणि एक लिफ्ट. आत काय आहे, किती पैसे पडतील, याचा पत्ता लागत नाही. हे नेमके हेरून गिऱ्हाईक ओढणारे दलाल वाटेत गाठतात आणि स्वस्त दर सांगून वर नेतात. बिल मात्र भलतेच निघते. अशा लुबाडणुकीविरुद्ध टोकियोत २००० मध्ये नियम झाला, शिंजुकू प्रभागाने २०१३ मध्ये दलालीला आळा घालणारा नियम केला आणि रस्त्यावरच्या ध्वनिक्षेपकांवरून दलालांच्या मागे जाऊ नका, असे बजावले जाते. तरीही कोणत्या दारातून आत जावे आणि कोणत्या दाराकडे पाठ फिरवावी हे परक्या माणसाला सूचना ऐकून उमगत नाही; ते जाणत्याबरोबर चालूनच समजते, आणि फेरीचे खरे मोल त्यातच आहे.

१ सप्टेंबर २००१ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, म्योजो ५६ या अशाच इमारतीला आग लागली आणि ४४ जण मृत्युमुखी पडले. वर-खाली जाण्याचा एकमेव जिना सामानाने अडलेला होता. त्यानंतर जपानचा अग्निसुरक्षा कायदा कडक झाला. जी फेरी गॉडझिला दाखवते आणि या आगीचा उल्लेखही करत नाही, ती अपुरी म्हणावी लागेल.

वस्तीच्या पूर्व कडेला हानाझोनो देवळाला लागून ‘गोल्डन गाई’ ही चिमुकल्या बारांची दाट वस्ती आहे. युद्धोत्तर काळ्या बाजारातील दुकाने हलवून ती वसली. वेश्याव्यवसायविरोधी कायदा १९५८ मध्ये पूर्णपणे अमलात येईपर्यंत तेथे चोरून देहविक्रय चालत असे आणि पुढे लेखक, पत्रकार, चित्रपटवाले यांचे ते बसण्याचे ठिकाण झाले. सहा बोळांत दोनशेहून अधिक बार आहेत. दुमजली लाकडी घराचे दार उघडले की समोरच बारचा काउंटर, त्याला टेकून सहा-आठ उंच स्टुले, पाठ भिंतीला घासेल इतकीच वाट आणि वरच्या बारकडे जाणारा शिडीसारखा उभा जिना. बसण्याचे वेगळे पैसे बहुतेक ठिकाणी पडतात, काही बार केवळ ओळखीच्यांसाठी असतात आणि परवानगीवाचून छायाचित्रे घेण्यास बोळांत मनाई आहे. दहा जणांचा घोळका येथे कुठेच मावत नाही, म्हणून समजूतदार वाटाडे गट लहान ठेवतात किंवा बाहेरूनच माहिती देऊन पुढे नेतात.

जपानमध्ये मोबदला घेऊन परभाषेत वाटाड्याचे काम करण्यास १९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय परवाना आवश्यक होता. जानेवारी २०१८ पासून ही अट उठली. त्यामुळे अशा फेऱ्या चालवणे सोपे झाले, मात्र वाटाड्याची पारख करण्याची जबाबदारी पाहुण्यावर आली. खाण्यापिण्याचा खर्च शुल्कात धरला आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

काबुकीचो हे हजारो लोकांचे कामाचे ठिकाण आहे, याचा विसर पडला की फेरी हा निव्वळ माणसे पाहण्याचा खेळ होतो. यजमान क्लबांच्या, म्हणजे तरुण पुरुष स्त्री-गिऱ्हाइकांना सोबत देतात अशा मद्यालयांच्या, फलकांवरील सजलेले तरुण पाहुण्यांना गमतीचे वाटतात. पण त्यांच्या प्रेमाच्या बतावणीला भुलून उधारीवर खर्च करणाऱ्या मुली कर्जापायी देहविक्रयाकडे ढकलल्या गेल्याने जून २०२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अशा फसवणुकीवर बंदी घालावी लागली. तोहो इमारतीच्या आसपास घर सोडून आलेली अल्पवयीन मुले-मुली जमतात. त्यांच्याकडे कॅमेरा रोखू न देणे हे वाटाड्याचे कर्तव्यच मानले पाहिजे.