समाजमाध्यमांचे अहवाल आणि आलेखांची निवड : पार्श्वभूमी

बडोद्यातील मराठी मंडळांची, नाट्यसंस्थांची आणि लहान व्यावसायिकांची इन्स्टाग्राम, फेसबुक व यूट्यूबवरील पाने आता बहुधा एखादा तरुण कार्यकर्ता किंवा छोटी एजन्सी सांभाळते आणि महिनाअखेरीस कार्यकारिणीपुढे अहवाल ठेवते. या अहवालांतले आकडे थेट त्या त्या माध्यमाकडूनच आलेले असल्यामुळे त्यांत सहसा फारशी चूक नसते. चुकतो तो आलेखाचा प्रकार. संगणकावर सगळे नमुने शेजारी शेजारी मांडलेले असतात, आणि मग पोहोच वृत्तालेखात जाते, अनुयायांची वाढ त्रिमितीय स्तंभांत जाते. वास्तविक यातला प्रत्येक प्रकार एका विशिष्ट प्रश्नासाठी जन्माला आला आहे, आणि तो प्रश्न माहीत असला की निवडीचा घोळ बराचसा मिटतो.

मराठी दफ्तरांत मोडी लिपीतला जमाखर्च कीर्द-खतावणीच्या रकान्यांतून चालत होता त्याच काळात, १७८६ साली, लंडनमध्ये विल्यम प्लेफेअर यांनी इंग्लंडच्या व्यापाराची आकडेवारी रेषांमधून मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले. जेम्स वॉट यांच्याकडे आराखडे काढण्याचे काम केलेल्या प्लेफेअर यांनी आडव्या अक्षावर वर्षे आणि उभ्या अक्षावर रक्कम घेतली. आयातीची एक रेषा, निर्यातीची दुसरी, आणि दोहोंमधली जागा म्हणजे व्यापारातली शिल्लक किंवा तूट. पुस्तकातल्या ४४ आलेखांपैकी ४३ असे काळाच्या ओघाचे होते. उरलेला एक स्कॉटलंडचा होता. त्या देशाचे त्यांना १७८०-८१ या एकाच वर्षाचे आकडे मिळाले, त्यामुळे रेषा ओढणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी प्रत्येक देशाशी झालेल्या व्यापारासाठी आडवी पट्टी काढली आणि त्या आलेखात काळाचा धागा नाही ही उणीव स्वतःच नोंदवली. आजचा स्तंभालेख असा अडचणीतून जन्मला. पण त्या अडचणीनेच एक भेद कायमचा स्पष्ट केला : काळ सरकत असेल तर रेषा, आणि एकाच मुदतीतल्या अनेक गोष्टींची तुलना असेल तर स्तंभ. रील, छायाचित्र आणि मजकुराची पोस्ट यांना रेषेने जोडणारा आलेख अहवालात दिसतो, तेव्हा हाच भेद विसरलेला असतो, कारण रील आणि छायाचित्र यांच्या मध्ये असे काहीच नसते ज्यावरून ती रेषा जावी.

वृत्तालेखही प्लेफेअर यांचाच. १८०१ सालच्या पुस्तकात त्यांनी तुर्की साम्राज्याचा भूप्रदेश आशिया, युरोप आणि आफ्रिका अशा तीन तुकड्यांत विभागलेले वर्तुळ छापले. या उदाहरणाकडे बारकाईने पाहावे असे मला वाटते, कारण वृत्तालेखाची अट त्यातच आहे. जमिनीचा एक तुकडा एकाच वेळी दोन खंडांत मोजला जात नाही, आणि तिन्ही भागांची बेरीज नेमकी पूर्ण साम्राज्याइतकी होते. समाजमाध्यमांवरील पोहोच म्हणजे पोस्ट पाहणाऱ्या वेगवेगळ्या खात्यांची संख्या. तिला ही अट लागू होत नाही, आणि आपल्या शहरात तर मुळीच नाही. दांडिया बाजारातले एखादे मंडळ मराठीतही लिहिते आणि गुजरातीतही, आणि बडोद्याचा मराठी माणूस दोन्ही वाचतो. समजा, महिन्याभरात मराठी पोस्ट १२०० जणांनी पाहिल्या, गुजराती ९०० जणांनी, आणि पानाची एकूण पोहोच १५०० आहे. याचा अर्थ ६०० जणांनी दोन्ही पाहिल्या. वृत्तालेख मात्र २१०० ची बेरीज धरून मराठीला ५७ टक्के आणि गुजरातीला ४३ टक्के देईल, आणि कार्यकारिणी समजेल की जवळपास निम्म्या लोकांपर्यंत मराठी पोहोचतच नाही. प्रत्यक्षात ८० टक्के लोकांनी मराठी पोस्ट पाहिली आहे आणि ६० टक्क्यांनी गुजराती. हे सांगायला शंभराच्या मापावरचे दोन साधे स्तंभ लागतात. महिन्यात टाकलेल्या पोस्टपैकी रील किती आणि छायाचित्रे किती, या प्रश्नाला वर्तुळ चालेल, कारण तिथे प्रत्येक पोस्ट एकाच गटात पडते.

पुढचे शतक प्रभावी चित्रांचे होते. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली पाकळ्यांसारख्या आकृतीतून दाखवले. डोळा काय अचूक वाचतो याची तपासणी मात्र विसाव्या शतकात झाली, आणि तिचा कौल लगेच एकमुखी लागला नाही. १९२६ साली वॉल्टर ईल्स यांनी प्रयोगाअंती वर्तुळाची बाजू घेतली होती. १९८४ साली बेल प्रयोगशाळेतील विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅक्गिल यांनी वाचनाचा क्रमच लावून दिला : एकाच मापपट्टीवरचे स्थान आपण सर्वांत अचूक ओळखतो, त्यानंतर लांबी आणि कोन, मग क्षेत्रफळ, त्याहून कमी घनफळ, आणि रंगाची गडद-फिकट छटा अगदी शेवटी. २०१० साली जेफ्री हीर आणि माइक बोस्टॉक यांनी हे प्रयोग इंटरनेटवरून लोकांकडून पुन्हा करून घेतले, तेव्हाही चित्र बहुतांशी तेच राहिले. स्तंभाचा पाया शून्यावरच हवा, हा आग्रहही इथूनच समजतो. डोळा स्तंभाची लांबी वाचतो, आणि पाया कापला की लांबीच खोटी होते. त्रिमितीय स्तंभांना अहवालात जागा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दरम्यान १९८५ साली मॅकिंटॉशवर आणि १९८७ साली विंडोजवर एक्सेल आले आणि आलेख काढणे हे कारागिराचे काम राहिले नाही. हा फार मोठा लाभ होता. पण प्लेफेअर यांना आकडे पाहून आकार शोधावा लागला होता, तर आता आकार आधी समोर येतो.

समाजमाध्यमांनी या जुन्या प्रश्नांत एक नवा प्रश्न घातला : मोजमापाची व्याख्याच मध्येच बदलते. इन्स्टाग्रामने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘व्ह्यूज’ हे मुख्य माप ठरवले. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्स सुरू झाला किंवा पुन्हा वाजला की तो व्ह्यू धरायला सुरुवात केली. किमान किती वेळ पाहिला याची अट राहिली नाही. त्या तारखेवरून अखंड जाणारी चढती रेषा ही वाढ नसून मोजणीतला बदल असू शकतो. तिथे उभी खूण करून रेषा तोडणे आणि खाली एका ओळीत कारण लिहिणे एवढेच करायचे असते. अनुयायांच्या एकूण संख्येची रेषाही अशीच फसवी असते, कारण वेग मंदावला तरी ती चढतच राहते. दर आठवड्याला निव्वळ किती वाढले याचे स्तंभ काढले की खरी स्थिती दिसते.

सणांच्या बाबतीत आडवा अक्षही आपल्यालाच ठरवावा लागतो. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. तीन वर्षांच्या रेषा इंग्रजी तारखांवर एकावर एक ठेवल्या तर उत्सवाचा उंचवटा दर वर्षी निराळ्या जागी येतो, आणि सप्टेंबरची सप्टेंबरशी केलेली तुलना निरर्थक ठरते. अक्षावर तारखेऐवजी ‘चतुर्थीपूर्वी पाचवा दिवस’, ‘चतुर्थी’, ‘चतुर्थीनंतर दुसरा दिवस’ असे लिहिले, की मूर्ती आणतानाच्या चित्रफिती, रोजची आरती आणि विसर्जन या तिन्ही वेळी यंदा किती लोक आले आणि गेल्या वर्षी किती, हे त्याच रेषांवरून थेट वाचता येते. नवरात्रासाठीही घटस्थापनेपासून दिवस मोजून हीच रीत वापरता येते.